झुलपं कापायची परवानगी

मित्रांनो, आत्मकथा म्हटली की आधी जन्म, मग कर्तृत्व आणि शेवटी हालअपेष्टा असा क्रम असतो. माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या छापखान्यात झाला, कर्तृत्व जरा वादग्रस्त आहे आणि हालअपेष्टा गाडीच्या डिकीत झाल्या. मी एक जुनी स्टँडी आहे, जाहिरातीचा उभा फलक. ताणली की माणसाहून उंच, सोडली की सटकन आपल्या पेटीत गुंडाळून जाणारी. दुकानाच्या दारात किंवा सभागृहाच्या कोपऱ्यात तुम्ही माझ्या जातीच्या पुष्कळ जणी पाहिल्या असतील. म्हणजे वळसा घालून गेला असाल.

त्या यंत्रातून माझ्या आधी गालिच्यांच्या सेलची स्टँडी निघाली आणि माझ्यानंतर कुत्र्यांच्या प्रदर्शनाची. मधली मी हॅगथॉर्पच्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, वाट्याला आले. हॅगथॉर्प हे इंग्लंडच्या उत्तरेचं गाव. जी मुलं काही कारणाने आपल्या आईबापांपाशी राहू शकत नाहीत, त्यांना आपल्या घरी ठेवून सांभाळणारी माणसं तिथल्या कौन्सिलला सतत हवी असतात. अशी माणसं शोधणं हा माझा धंदा. माझ्या अंगावर एक हसरं कुटुंब छापलेलं आहे. आई, बाप, दोन मुलं, आणि त्या चौघांचे मिळून इतके पांढरे दात, की अख्ख्या हॅगथॉर्पमध्ये तेवढे निघायचे नाहीत. ती माणसं कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. मागे लख्ख ऊन पडलंय, त्यावरून इथली नसावीत. खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न आहे, ‘तुम्ही एका मुलाचं आयुष्य बदलाल का?’

प्रश्न इतका सरळ की लोक बुटांकडे बघायला लागतात.

मला उभी करायची ती लॉरेन एंटविसल. कौन्सिलची नोकरदार, पन्नाशीची, नेहमी थोडी दमलेली, नेहमी थोडी आशा असलेली. सुपरमार्केटच्या दारात, ट्रॉल्यांची रांग आणि फुलांच्या बादल्या यांच्या मध्ये ती टेबल मांडायची, त्यावर फुकट वाटायची पेनं ठेवायची आणि मला ताणून उभी करायची.

“पेन फुकट आहे का हो?” एखादी बाई विचारायची.

“घ्या की. आणि ही माहितीसुद्धा घ्या.”

“नको, पेन पुरे.”

एकदा एका गृहस्थाने मला वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं. लॉरेनने श्वास रोखून धरला. वाचून झाल्यावर त्याने गंभीरपणे विचारलं, “संडास कुठंय इथं?”

अशा एका शनिवारी मॅविस ऑग्डेन आली. शाळेत पोरांना जेवण वाढण्यात तिची हयात गेलेली, नवरा वारलेला, दोन्ही हातांत पिशव्या. ती माझ्याकडे बघून आली नाही, खुर्चीकडे बघून आली.

“बसू का गं जरा? बटाटे घेतले आणि गुडघ्यानं दगा दिला.”

“बसा ना, मावशी.”

“काय विकतेस?”

“विकत नाही काही. मुलं सांभाळायला माणसं शोधतेय.”

“कुणाची मुलं?”

“कुणाचीही.”

मॅविस पिशवीतल्या बटाट्यांकडे बघत राहिली. “शाळेत एखादं पोर दुसऱ्यांदा रांगेत यायचं,” ती म्हणाली. “मी वाढायचे. वर कस्टर्डही घालायचे. पण घंटा झाली की ते घरीच जायचं ना गं.”

त्या दिवशी ती पेन न घेता गेली आणि सोमवारी कौन्सिलच्या दारात उभी राहिली. अहवालात ती ‘स्टँडी पाहून आलेली’ म्हणून जमा झाली. माझं खूप कौतुक झालं. खरं श्रेय गुडघ्याचं होतं, पण गुडघ्याला श्रेय द्यायचा रकाना नव्हता.

पुढची कितीतरी वर्षं मॅविसने मुलं सांभाळली. काही शनिवार-रविवारपुरती आली, काही दाढी फुटेपर्यंत राहिली. कौन्सिल तिला वर्षातून एकदा चहा, केक आणि टाळ्या द्यायचं. मीही मागे उभी असायचे, त्यामुळे टाळ्यांतल्या थोड्या मला मिळाल्या असं मी धरून चालते.

मग ॲड्रियन नावाचे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, मोजणारा होता. दर सोमवारी विचारायचे, “नवे किती आले?” गेले किती, हे विचारायला कुणाची नेमणूकच नव्हती. आणि माणसं जात होती. कुणी कंटाळून, कुणी आजारी पडून, कुणी हेच काम करणाऱ्या खाजगी संस्थेकडे, जिच्या स्टँडीवर दात आणखी पांढरे होते.

लॉरेनने एकदा बैठकीत धीर केला. “साहेब, ज्या गेल्या त्यांना एकेक फोन करून विचारू या का, का गेलात म्हणून?”

“कल्पना उत्तम आहे. पण ते भरतीच्या कामात बसत नाही.”

“मग कशात बसतं?”

“बघू.”

मित्रांनो, सरकारी कचेरीत नकार पुष्कळ असतात. त्यांतला सर्वांत मायाळू नकार म्हणजे ‘बघू’.

तळ गेलेल्या रांजणात पाणी ओतावं तशी लॉरेन मला घेऊन गावोगाव हिंडत राहिली. माझा एक पाय ढिला झाला, दातांचा रंग उन्हाने पिवळसर पडला, त्यामुळे मी उलट जास्त हॅगथॉर्पची दिसू लागले. असंच एकदा मॅविसच्या घरी सांभाळणाऱ्या बायकांचा चहा झाला. चहा संपला, लॉरेनची डिकी खुर्च्यांनी भरली आणि मी मागे राहिले. मॅविसने मला जिन्याखाली ठेवलं, कचरा ओढायच्या मशीनच्या आणि गमबुटांच्या मध्ये. त्या कोनाड्याचं दार धड लागत नसे. म्हणून पुढचं सगळं मी फटीतून पाहिलं आणि ऐकलं.

मॅविसकडे तेव्हा ब्रायोनी होती. आठ वर्षांची, बोलायला तिखट, चालायला हळू. कौन्सिलची एक समाजसेविका तिची म्हणून नेमलेली असे, पण ती सारखी बदले. नवी आली की सोफ्याच्या कडेवर बसून गोड आवाजात विचारायची, “तुला काय खायला आवडतं, बाळा?” पहिलीला ब्रायोनीने सांगितलं, मासे आणि चिप्स. दुसरीला सांगितलं, गोगलगायी. तिने तेही लिहून घेतलं. तिसरीला म्हणाली, “तुमच्या आधीच्या दोघींना विचारा ना.”

तिसरीही गेली. चौथी ‘लवकरच येईल’ असं ठरलं. आणि नेमक्या त्याच दिवसांत ब्रायोनीच्या कपाळावरची झुलपं डोळ्यांत जायला लागली.

इथे एक नियम सांगायला हवा. मूल मॅविसच्या घरात झोपणार, जेवणार, तापाने फणफणणार. पण त्याच्या केसांना कात्री लावायची तर आईची परवानगी हवी. आईला थेट विचारायचं नाही, समाजसेविकेमार्फत विचारायचं. नियम वाईट नाही. ज्या बाईचं मूल घरातून गेलंय, तिच्या हातात काहीतरी उरावं म्हणून केलेला आहे. फक्त मधली बाई जागेवर असावी लागते.

मॅविस फोन करायची. फोनमध्ये संगीत वाजायचं. ती फोन खांद्यावर धरून बटाटे सोलायची, ते उकडायला टाकायची, आणि संगीत थांबून फोन कटायचा.

“मॅव, मला फळा दिसत नाही,” ब्रायोनी म्हणाली.

“क्लिप लाव.”

“क्लिप लावली की वर्गातला नेथन मला पार्सल म्हणतो.”

“आणि नाही लावली तर?”

“मेंढी.”

“मग तुला काय व्हायचंय, पार्सल की मेंढी?”

“काहीच नाही. काप ना गं.”

“विचारलंय मी, राणी.”

“कुणाला?”

मॅविस परत फोनकडे गेली.

झुलपं नाकापर्यंत आली. एका सकाळी ब्रायोनी शाळेच्या घाईत दाराच्या चौकटीवर आदळली आणि भुवईला टेंगूळ आलं. त्या रविवारी मॅविसने स्वयंपाकघरात तिला स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती पंचा गुंडाळला आणि कात्री घेतली. फटीतून मला फक्त ब्रायोनीचे लोंबते पाय दिसत होते. ते आनंदाने हलत होते.

ब्रायोनीची आई केरी तिला कौन्सिलच्या भेटघरात भेटायची. तिथे एक बाई कोपऱ्यात बसून लक्ष ठेवते आणि आईलेकी खेळतात. त्या आठवड्याच्या भेटीहून ब्रायोनी परत आली. बूट काढता काढता जिन्यापाशी म्हणाली, “मम्मी रडली. माझ्या कपाळाला हात लावला आणि रडली. मी काही केलं नव्हतं.”

केरीने तक्रार केली. तेव्हा एक चमत्कार झाला. इतके दिवस न लागणारा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून वाजला.

“मिसेस ऑग्डेन, मुलाच्या सांभाळाचा दर्जा, या विषयावर आपल्याला थोडं बोलायचंय,” पलीकडून कुणीतरी म्हणत होतं. मॅविस फोन कानापासून लांब धरत असे, म्हणून मला ऐकू आलं. “चौकशी समजू नका हं. गप्पा समजा.”

“गप्पा मारायला तर मी महिनाभर फोन करतेय, बाई.”

“ते वेगळ्या विभागाकडे असेल.”

“मी त्या पोरीच्या डोळ्यांतले केस काढलेत. तेवढंच.”

“आम्ही कुणालाही दोष देत नाही आहोत. पण सगळं लिहून ठेवावं लागतं.”

अगदी साध्या आवाजात, बसचं तिकीट मागावं तशी, मॅविस म्हणाली, “मी थांबते आता. तिच्यासाठी दुसरं घर बघा.”

दुसरं घर गावात नव्हतंच. होतं ते दोन गाड्या बदलून जायच्या शहरात, एका खाजगी संस्थेकडे. म्हणजे शाळा सुटणार, नेथन सुटणार, आणि आईची भेट बसच्या वेळापत्रकावर जाणार. मॅविसला हे माहीत होतं. म्हणूनच फोन ठेवल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, माझ्या अगदी डोक्यावर.

संध्याकाळी ब्रायोनीने न सांगता ओट्याखालून कचऱ्याची काळी पिशवी काढली आणि तिच्यात कपडे भरायला लागली. आधीच्या तिन्ही घरांतून तिचे कपडे तशाच पिशवीतून आले होते.

“काय करतेस गं?”

“आवरतेय.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी सांगत नसतं, मॅव. ऐकू येतं.”

मॅविसने पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. घड्या करून कपडे परत कपाटात लावले. “जायचं असेल त्या दिवशी मी बॅग आणीन,” ती म्हणाली. नाही जायचं, असं म्हणाली नाही. ब्रायोनीने ते नीट ऐकलं.

आता कौन्सिलची गंमत बघा. त्याच आठवड्यात वाचनालयात नव्या लोकांसाठी माहितीसभा होती आणि तिच्या जाहिरातीवर मॅविसचं नाव आधीच छापून गेलं होतं, ‘एका अनुभवी आईचे मनोगत’. तिची चौकशी करणारे आणि तिचं मनोगत ठेवणारे एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत बसत होते. चहाची किटलीही एकच होती. फक्त हा विषय किटलीपाशी निघाला नव्हता.

लॉरेन मला न्यायला आली ती दारातच रडवेली.

“मावशी, मला कालच कळलं. तुम्ही नका येऊ. मी सांगते, गुडघा दुखतोय म्हणून.”

“गुडघा दुखतोच आहे. येते मी.”

“आणि बोलणार काय?”

“तू खुर्चीवर बसवलंस तेव्हा खोटं बोलली होतीस का?”

“नाही हो.”

“मग मीही नाही बोलणार. घे तुझी ती दातवाली.”

सभा लहान मुलांच्या विभागात होती. खुर्च्या बुटक्या, माणसं मूठभर, त्यात एक आजोबा केवळ उबेला आलेले. ॲड्रियन साहेब छान बोलले. मग मॅविस माझ्या शेजारी उभी राहिली. तिने एका हाताने माझी कड धरली होती. माझा पाय ढिला, तिचा गुडघा ढिला, दोघी एकमेकींच्या आधाराने कशाबशा उभ्या होतो.

“मला वाटायचं, मुलं अवघड असतील,” ती म्हणाली. “आहेतच. एकानं माझ्या पडद्यांना काडी लावली होती. पण त्याचं कारण सांगितलं त्यानं, चार वर्षांनी का होईना. मुलांचं कळतं. आपण फोन करावा आणि पलीकडं कुणी नसावं, ते नाही कळत. मी थांबतेय. तुम्ही मात्र या. मुलं चांगली आहेत.”

ॲड्रियन साहेबांनी टाळ्यांसाठी उचललेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना. तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक बाई उठली. बसचालकाच्या गणवेशात होती, थेट कामावरून आलेली.

“आणि ती आत्ता जी पोर आहे तुमच्याकडे, ती?”

मॅविसने माझी कड आणखी घट्ट धरली.

“काय दिलं तर या राहतील?” बाईने मोठ्याने विचारलं.

“आमच्याकडे आधाराची एक सर्वसमावेशक योजना...”

“तुम्हाला नाही हो विचारत. त्यांना विचारतेय.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मॅविसला कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. तिलाही तो नवाच असावा.

“तिच्या आईशी बोलू द्या मला,” ती म्हणाली. “एका टेबलाशी, चहा घेऊन. झुलपं कुणी कापायची, एवढंच ठरवायचंय.”

एरवी या मागणीला तीन बैठका, दोन विभाग आणि एक ‘बघू’ लागला असता. पण समोर माणसं होती आणि ती माणसं साहेबांना हवी होती. साहेबांनी लॉरेनकडे पाहिलं, नाइलाजाने माझ्याकडेही पाहिलं.

“अर्थातच,” ते म्हणाले.

भेटघराच्या भिंतीला ओल आली होती. ती झाकायला लॉरेनने मला तिथे उभं केलं. टेबलाशी मॅविस बसली आणि समोर केरी. केरी म्हणजे बाहीत हात ओढून बसलेली एक काटकुळी पोरगीच. कोपऱ्यात लक्ष ठेवणारी बाई. ब्रायोनी खाली चटईवर चित्र रंगवत होती, म्हणजे ऐकत होती.

“वाकडी कापलीत,” केरी म्हणाली.

“चष्मा सापडत नव्हता.”

“तिला डाव्या बाजूला भोवरा आहे. ओले करून कापले की तिकडचे उडतात. कोरडेच कापायचे.”

“मला कसं कळणार गं? विचारायला कुणी नव्हतं.”

“मला तरी कुणी विचारलं?” केरीचा आवाज चढला आणि तिथेच तुटला. “मी कापायचे तिचे. सिंकच्या कडेवर बसवून. बाकी सगळं बिघडवलं मी. तेवढं एक नीट यायचं मला.”

मॅविसने कप तिच्याकडे सरकवला.

“मग तूच काप की. मी कशाला हात घालू?”

“आत्ता?”

“अगं, वाकडी आहेत म्हणतेस ना?”

कोपऱ्यातली बाई खाकरली. “भेटघरात कात्री चालत नाही.”

दोघींनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं. बाईही शेवटी माणूस होती. तिने मुलांच्या चित्रकलेच्या डब्यातून गोल टोकाची कागद कापायची कात्री काढली आणि खिडकीबाहेर बघत टेबलावर ठेवली.

“यानं लोणीसुद्धा कापायचं नाही,” केरी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. तिचे दात वाकडे होते. लेकीचेही तसेच आहेत.

भेटीचा सगळा वेळ त्यातच गेला. एकेक बट दोन बोटांत धरून केरी कापत होती. ब्रायोनी डोळे घट्ट मिटून बसली होती. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, “मॅव, अजून आहेस ना?”

“आहे गं.”

“नंतरही?”

मॅविसने टेबलावर पडलेले केस तळहाताने एकत्र केले. मग म्हणाली, “आहे. हलू नकोस, आईचा हात चुकेल.”

ती राहिली. ब्रायोनीपुरती राहिली. आणखी एक मूल घ्याल का, असं विचारलं की आजही नाही म्हणते, आणि तो नकार कुणी मनावर घेतलाय असं मला वाटत नाही. बसचालक बाईने नाव नोंदवलं. अहवालात सभा यशस्वी झाली, एक नवी आली, एवढं आहे. जी जाता जाता राहिली ती कुठेच धरलेली नाही. लॉरेनला नवी स्टँडी मिळाली. लॉरेन स्वतः अजून सुपरमार्केटच्या दारात उभी असते, आणि दुपारनंतर खुर्चीवर बसते. मी इथेच राहिले, ओल झाकत. केरी येते, कोरड्या केसांना कात्री लावते. चौकशीचं काय झालं, ते अजून कुणी मॅविसला कळवलेलं नाही.

मित्रांनो, वस्तूच्या आत्मकथेत शेवटी ‘माझी काळजी घ्या’ असं सांगायचं असतं. मला नको. माझा पाय पुरता मोडला तर दुसरी छापा, दुपारपर्यंत तयार होईल. मॅविस छापून मिळत नाही. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीतही, कुणीतरी दुसऱ्याचं मूल आपल्या घरात वाढवत असेल. त्यांना शाल-श्रीफळ नको, टाळ्याही राहू द्या. त्यांचा फोन आला तर उचला. उत्तर माहीत नसलं तरी उचला. “मला माहीत नाही, पण मी ऐकतेय,” एवढं म्हणा. तेवढ्यावर माणसं वर्षंच्या वर्षं काढतात.